वाघडोहात धुतलेला पंप

मला मासे धरता येत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची फसगत नको. अमरावतीच्या या फ्लॅटमध्ये मी मोठा मासेमार म्हणून प्रसिद्ध आहे, कारण नातवंडांना गोष्टी मीच सांगतो आणि त्या गोष्टींतला दुसरा साक्षीदार आता हयात नाही. मागच्या वाढदिवसाला थोरल्या नातवाने मला विलायती गळ आणून दिला. एकात एक शिरणारी काळी चकचकीत काठी, तिला चरखी, चरखीवर दिसेल न दिसेल असा दोर. "आबाजी, आता दाखवा," म्हणाला. मी काठी गच्चीवर नेली, ऐटीत झटका दिला आणि खालच्या गॅलरीत वाळत घातलेलं शेजारच्या बाईंचं सांडग्यांचं धोतर सांडग्यांसकट रस्त्यावर ओढलं. त्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. नातू मात्र खूष झाला. त्याला वाटलं, मासे असेच धरतात.

आमच्या लहानपणी गळ विकत मिळत नसे, तो जमवावा लागे. काठी वेळूची, बेटातून तोडून आणलेली आणि चुलीच्या वर आढ्याला महिनाभर टांगलेली, म्हणजे धुराने तिला कीड लागत नाही. दोरी घरच्या कापसाची. माय टकळीवर सूत काढून द्यायची, त्याचे तीन पदर मी मांडीवर वळायचो आणि टेंभरांच्या, म्हणजे टेंभुर्णीच्या कच्च्या फळांच्या, रसात ती दोरी तीन दिवस भिजत ठेवायचो. त्याने ती काळी, कडक होते आणि पाण्यात कुजत नाही. मांडीही काळी होते, पण ती धुवायला शाळेत कोणी सांगत नसे. पाण्यावर तरंगायला बोटभर सनकाडी, म्हणजे अंबाडीची सोललेली वाळकी काडी. ती कापसाहून हलकी. मासा दोरीला लागला की सनकाडी आधी थरथरते, मग मान हलवते, मग एकदम बुडते. ती बुडण्याआधीच ओढायची माझी खोड होती. सगळे मासे त्यामुळेच वाचले.

लोखंडी आकडा मात्र अचलपूरहून यायचा. तिथे गफूर मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं. ते जुन्या चाकांच्या तारा तापवून, वाकवून, कानशीने टोक काढून आकडे करत. बाबा बाजाराला गेले की मी एसटीतून त्यांच्यासोबत जायचो आणि मिस्त्रींच्या पुढ्यात उकिडवा बसायचो. एकदा मी म्हणालो, याहून मोठा पाहिजे. त्यांनी मोठा काढला. मी म्हणालो, याहूनही मोठा. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला आणि बाबांना विचारलं, "पाटील, तुम्हारे लडके को मछली पकडनी है के भैंस बांधनी है?" पण करून दिला. तो आकडा मी दुसऱ्या दिवशी डोक्याभोवती गरगरा फिरवून फेकला. तो पाण्यात गेलाच नाही. माझ्या चड्डीतून आरपार जाऊन मागल्या बाजूच्या मांसात रुतला. त्या आकड्याने धरलेला पहिला जीव मी, आणि शेवटचाही मीच.

तो आकडा काढला सोनाजीमामांनी. मला दगडावर पालथं पाडलं, आकड्याचं टोक आणखी पुढे ढकलून बाहेर काढलं, पकडीने तोडलं आणि उरलेली तार मागे ओढून घेतली. मी बोंबलत होतो आणि मामा सांगत होते, "पाह्य, मासा तर बोंबलतही नाही. आता पुढच्या वक्ताले त्याले ओढशीन तं हे ध्यानात ठेवजो."

सोनाजी भोई आमच्या गावच्या नदीचे राखणदार. नदी म्हणजे नकाशात नदी, गावात नाला. पूर्णेला मिळेपर्यंत तिला आपण नदी असल्याचा विश्वासच नव्हता. दसरा झाला की धार तुटायची आणि ठिकठिकाणी डोह उरायचे. त्यांतला सगळ्यात खोल वाघडोह, गावाच्या खालच्या अंगाला. त्यात बारा महिने पाणी. पाऊस सरला की मामा बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून डोहात बुडवून ठेवत. कोणी चोरून जाळं ओढलं तर ते काट्यांत अडकून फाटावं आणि माशांना लपायला जागा व्हावी, असा दुहेरी बंदोबस्त. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी डोह 'उघडायचा'. मामा नारळ फोडत, काट्या ओढून काढत, पहिलं जाळं टाकत. सारं गाव काठावर. घरोघर वाटा जायचा, उरलेले मासे मामांचे. ते वाळवून, विकून त्यांचं वर्ष निघायचं, आणि सुगीत प्रत्येक खळ्यावरून त्यांना ज्वारी मिळायची. काही मासे मामा मुद्दाम धरत नसत. "बेनं हाये ते," म्हणत. शेतकऱ्याने पेरणीसाठी राखून ठेवावं तसं.

पन्नाशीच्या या माणसाला गाव 'सोन्या' म्हणायचं. शेंबडी पोरंसुद्धा. मी मामा म्हणायचो, त्याचं कारण माझे संस्कार नव्हेत, तो चड्डीतला आकडा. मला एकट्याला त्यांनी डोहाच्या काठावर बाभळीच्या मुळाशी बसून गळ टाकायची परवानगी दिली होती. जाळं नाही, फक्त गळ. माझी एकच अक्कल त्यांना आवडली होती. ज्वारीच्या पिठाची गोळी पाण्यात विरघळून जाते, म्हणून मी तिच्यात चिमूटभर पिंजलेला कापूस घालून मळायचो. गोळी आकड्याला चिकटून राहायची. मामा पोट धरून हसले होते. "कास्तकाराचं पोट्टं! माशालेही कापूस चारून रायलं!"

उन्हाळ्यात एकदा ते मला वरच्या अंगाला, आटत आलेल्या एका डबक्यावर घेऊन गेले होते. तिथे त्यांनी हिंगणबेटाची फळं दगडावर कुटली, फडक्यात बांधली आणि ती पुरचुंडी पाण्यात खळबळली. थोड्या वेळाने मासे झिंगल्यासारखे वर आले. मामांनी पाहिजे तेवढे उचलले आणि बाकीचे टोपलीत भरून वाघडोहात सोडले. तासाभरात ते शुद्धीवर येऊन पळाले. "आटत्या पान्यात मरतीन, त्यापेक्षा इकडं जगतीन," म्हणाले. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हे 'पाहिलं होतं' लक्षात असू द्या. मी ते पुढे वापरलं आहे.

घरी माशाची कथा वेगळी होती. माय मासे खात नसे, शिवतही नसे. तिच्या चुलीवर मासा चढणं म्हणजे चूल मोडून नवी घालणं. म्हणून गोठ्यामागे तीन दगड मांडलेले होते आणि एक काळी मातीची हंडी तिथेच कडब्यात पालथी असायची. रांधायचे बाबा. एरवी पाण्याचा तांब्याही स्वतः उचलून न घेणारा हा माणूस मासा आला की धोतर वर खोवून राखेत बसायचा. कांदा निखाऱ्यात भाजायचा, खोबरं भाजायचं, पाट्यावर मीच वाटायचं, जवसाचं तेल तापून धूर निघाला की मसाला टाकायचा आणि चिंचेचं पाणी घालून हंडीवर झाकण. मग बाबा रश्शाला खदखद फुटायची वाट पाहत बसत आणि तेवढा वेळ माझ्याशी बोलत. शेताचं, बाजाराचं, मी पुढे काय शिकावं याचं. भाकरी माय दुरून टाकायची, थाळीत, हात न लागू देता, आणि जाता जाता म्हणायची, "खा बाप्पा, पाप खा." बाबा हसायचे. बाबांचं हसणं मला त्या हंडीजवळच आठवतं, दुसरीकडे कुठेच नाही. मासे धरण्याची मला एवढी ओढ कशाची होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या साली बाबांच्या डोक्यात संत्र्याची बाग होती. अंजनगावकडे एकाने नदीवर डिझेलचं इंजिन बसवून बाग फुलवली होती, ती बाबा पाहून आले होते. वाघडोहावर इंजिन बसवावं असं बाबांच्या, पोलीस पाटलाच्या आणि आणखी चार-पाच जणांच्या मनात दोन वर्षं होतं. पण डोह सोनाजीचा राखीव. जुनी माणसं म्हणत, त्याच्या पोटावर पाय देऊन पाणी उपसू नका. मामा तर सरळ बोलत, "इंजन लागलं का आठ दिवसात डोह परातीसारका कोल्डा." बाबा ऐकून घेत आणि मिशीवरून हात फिरवत.

दिवाळीची सुटी होती. कपाशीवर बोंडअळी आली होती आणि बाबांनी एंड्रीन फवारायला काढलं होतं. आमचा पितळी पंप म्हणजे घरातला सगळ्यात उजळ दागिना. पाठीवर घेऊन दांडा मारला की फुस्स-फुस्स आवाज सगळ्या शिवारात जायचा. दुपारी फवारणी संपली. बाबा डोक्याचा रुमाल सोडत म्हणाले, "वासुदेव, पंप बांधाच्या खड्ड्यात धुजो. पाणी विहिरीचं घेजो. नदीवर जाऊ नोको, ढोरं पाणी पेतात तथी." मी हाव म्हटलं. हाव म्हणण्यात मी लहानपणापासून पटाईत.

डोह उघडायला चार दिवस राहिले होते. बाभळीच्या मुळाशी एक मोठी मरळ राहायची. मी तिला पाहिलेलं होतं, तिनेही मला पाहिलेलं असावं. चार दिवसांनी ती मामांच्या जाळ्यात जाणार, आणि बाबांच्या हंडीत आलीच तर वाटणीची म्हणून येणार, माझी म्हणून नव्हे. विहिरीचं पाणी शेंदायचं, पंप धुवायचा, मग घरी जाऊन काठी आणायची, मग डोहावर जायचं, तोवर दिवस बुडाला असता. मी सरळ पंप पाठीवर घेतला, हातात औषधाचा रिकामा डबा घेतला, वाटेत घरातून काठी आणि मळलेल्या गोळ्या उचलल्या आणि वाघडोहावर गेलो. आयुष्यात मी एखादं काम इतकं मन लावून केलेलं नाही, इतकं मन लावून तो पंप धुतला. तीन वेळा आत पाणी भरून खळखळून ओतलं. डबाही विसळला. पाण्यावर दुधासारखा पांढरा ओघळ पसरला, तो मला छान दिसला. मग हात धुतले, खिशातली गोळी काढली, गळ टाकून बसलो.

सनकाडी हलेना. अर्धा तास झाला, तास झाला. मी माशांना शिव्या दिल्या. मग बारके मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले, चार, दहा, मग पन्नास. मला आनंद झाला. म्हटलं, आता यांना भूक लागली! मी पाण्यात आणखी गोळ्या फेकल्या. माझ्या समोर सबंध डोह गुदमरत होता आणि मी त्याला जेवायला वाढत होतो. तेवढ्यात मुळाशी पाणी फुटलं आणि ती मरळ वर आली. हाताएवढी लांब. ती पळाली नाही. कुशीवर होऊन हळूहळू माझ्याकडेच आली. मी गुडघाभर पाण्यात उतरून तिला दोन्ही हातांनी उचलली. घरी जाताना सगळ्या वाटेने मी ठरवत होतो की गळाने धरताना तिने किती झुंज दिली ते कसं सांगायचं.

बाबा गोठ्यामागे होते. त्यांनी आधी मासा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी मोजून दोन क्षण पाहिला. मग त्यांची नजर पंपावर गेली. पंपाच्या बुडाला डोहाचं शेवाळ लागलेलं होतं. त्यांनी मासा माझ्या हातातून घेतला, नाकाशी नेला आणि मला अशी थप्पड मारली की मी हंडीवर पडलो. हंडी फुटली. पुन्हा नवी कधी आणली गेली नाही.

मरळ त्यांनी उकिरड्यात खोल पुरली. मग ओट्यावर बसले. माय दारात उभी होती. बाबांनी विचारलं, "कोनं पायलं का तुले?" मी नाही म्हटलं. माय म्हणाली, "सोनाजीले आत्ताच जाऊन सांगा. लेकरानं चुकून केलं म्हना. तो समजून घेईन, दोन सालं त्याले खायाले घाला." बाबा म्हणाले, "तू भाकरी टाक." मायने भाकरी टाकल्या. थापण्याचा आवाज मात्र त्या संध्याकाळी रोजच्यासारखा नव्हता. कोणाला तरी मारल्यासारखा येत होता.

सकाळी वाघडोह पांढरा झाला होता. पोटं वर केलेले मासे, एकाला एक लागून, पलीकडच्या काठापर्यंत. घारी फिरत होत्या. सोनाजीमामा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि मासे उचलून उचलून पाहत होते, जणू एखादा तरी बोलेल. त्यांची बायको काठावर बसून नुसती डोलत होती. मी गर्दीत होतो. जावं लागलं, न जाणं दिसलं असतं.

दुपारी पारावर गाव जमलं. पोलीस पाटील म्हणाला, हे हिंगणबेटाचं काम आहे, सोन्याने वाटा चुकवायला आधीच मासे मारायला घेतले आणि मात्रा जास्त झाली. मामा खाली, पारापासून दोन हात अंतरावर उभे होते. ते म्हणाले, "हिंगनानं मासा झिंगते, पाटील. मरत नाही. अन् बेडूक पाहा ना, बेडूकही मेले. पानकिडे मेले. हे कपाशीचं औषद हाये. गावात पंप किती हायेत, तेवढे इचारा." मग बाबा उठले. माझ्याकडे न पाहता त्यांनी मला हाक मारली.

"वासुदेव, इकडं ये. तू याच्यासोबत रायतं ना दिवसभर? यानं हिंगनबेट कुटून पान्यात टाकलं, हे तू पायलं का नाही?"

"पायलं," मी म्हणालो.

ते खरं होतं. पारावर गलका उठला. मामांनी हात वर केला. गलका थांबेपर्यंत ते थांबले आणि मग माझ्याशी बोलले, बाकी कोणी तिथे नसल्यासारखे. "कधी पायलं रे, वासुदेव? सांग बाप्पा. कधी?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात मिशीवर होता. उन्हाळ्यात, वरच्या डबक्यावर, आणि मासे तर आम्ही वाघडोहातच सोडले, एवढं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. ते सगळं गिळायला जेवढा वेळ लागला तेवढाच मी थांबलो.

"काल," मी म्हणालो.

यावर लोक मला सांगतात, अहो, तुम्ही लहान होता. मी बारा वर्षांचा होतो. बारा वर्षांच्या मुलाला काल आणि उन्हाळा यांतला फरक कळतो. शाळेत मी पहिल्या तिघांत असायचो.

डोहाचा हक्क त्याच बैठकीत काढून घेतला गेला. त्या सुगीत मामांना एकाही खळ्यावरून ज्वारी मिळाली नाही, आणि फाल्गुनात ते बायको आणि लहानग्या लेकीला घेऊन अकोल्याला निघून गेले. त्याआधीच डोहावर पहिलं इंजिन बसलं होतं, पोलीस पाटलाचं. दुसरं आमचं. इंजिनांची धडधड घरात ऐकू यायची, जेवताना, निजताना. मी आठवीत जायच्या आत डोह परातीसारखा कोरडा झाला. मामांचा अंदाज आठ दिवसांचा होता, त्याला पंधरा लागले, एवढंच ते चुकले. पुढे विहिरी खोल गेल्या, डोह गाळाने भरला. पण बाग लागली. संत्री गोड होती. त्या बागेवर मी अमरावतीला शिकलो, कोट शिवला, आणि नोकरी मिळाली तीही पाटबंधारे खात्यात. पाणी कुठे किती आहे याची नोंद ठेवायचं काम. देवाला विनोदाचं अंग नाही असं म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे यावं.

नोकरीत माझी बदली अकोल्याला झाली. एका रविवारी बाजारात मला सोनाजीमामा दिसले. दिवसा सरकी भरायला जिनिंगमध्ये जात आणि सुटीच्या दिवशी मासळीच्या ओळीत लेकीच्या पाटीजवळ बसून बर्फातले मासे कापून देत. बाहेरगावचे, पेटीतून आलेले, डोळे गेलेले मासे. मी समोर उभा राहिलो.

"मामा, ओळखलं का?"

"चालण्यावरून ओळखलं. बापावर गेलं." सुरी थांबली नव्हती.

मी कितीतरी वर्षं मनात घोटून ठेवलेलं भाषण सुरू केलं. पहिल्याच वाक्याला त्यांनी ते तोडलं. "पंप धुतला ना? मालूम हाये. तथी काठावर कापूस घालून मळेल गोळ्या पडेल होत्या. गावात तशी गोळी दुसरा कोन मळे?"

"म्हणजे पारावर आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो ना. तुले इचारलं, कधी. तुह्या तोंडून यायाले पायजे होतं, बाप्पा. माह्या तोंडचं कोन आयकते?"

मी माफी मागितली. रडलोही असेन. मामा म्हणाले, "माफी मले नोको. तिचं का कालवण करू? तू गावात जाय, त्याच पारावर उभा राह्य आन् सांग. मी जिता हावो तवर सांग. मंग मी एकडाव गावात येतो. पोरीले दाखवाचं हाये कुठी होतो आमी."

"बाबा आहेत अजून, मामा."

"असू दे ना. आयकतीन."

मी दिवाळीत सांगतो म्हणालो. त्यांनी मला अर्धा मासा कापून, पानात बांधून दिला आणि तो मी घेतला.

त्या दिवाळीला बाबांचा रक्तदाब वाढलेला होता. पुढच्या दिवाळीला बहिणीची सोयरीक ठरत होती, आणि सोयरिकीच्या घरात असली गोष्ट काढत नाहीत. त्याच्या पुढच्या दिवाळीला बाबा पंचायतीला उभे होते. अकोल्याच्या त्या बाजारात मी मात्र वेगळ्या वाटेने जायला लागलो होतो. भाजी महाग मिळायची. चौथ्या दिवाळीआधी मी एकदा धीर करून त्या ओळीत गेलो, तर पाटीवर लेक एकटीच होती. तिने मला ओळखलं नाही. "बाबा गेले ना पोळ्याच्या आधी," म्हणाली. "तुमी कोन?" मी म्हणालो, गिऱ्हाईक. आणि अर्धा किलो झिंगे घेतले.

माझे बाबा त्यानंतर अकरा वर्षांनी गेले. त्यांना मी काही विचारलं नाही आणि त्यांनी कधी काही काढलं नाही. माय गेली तेव्हा शेवटच्या दिवसांत एकदा म्हणाली, "सोनाजीले सांगतलं का रे?" तिला वाटत होतं, ती संध्याकाळ अजून चालू आहे आणि अजून वेळ आहे.

गेल्या वर्षी मी गावात गेलो. बाग केव्हाच गेली, विहिरीला पाणी नाही, बांधावर जिथे मी पंप धुवायला पाहिजे होता तो खड्डाही बुजला आहे. पार तेवढा आहे, त्याला आता फरशी लावली आहे. सातआठ तरुण मोबाइलमध्ये मान घालून बसले होते आणि त्यांच्यात माझ्या वर्गातला देविदास, तोंडात एक दात, हातात काठी. मी पारावर चढलो. मी घसा साफ करून सांगितलं की वाघडोहातले मासे सोनाजी भोयांनी मारले नव्हते, मी मारले होते, आणि मी खोटी साक्ष दिली होती. सगळं सांगितलं, पंप, मरळ, 'काल'. एवढं मोठं मी आयुष्यात कुठे बोललो नाही.

एका पोराने मोबाइलमधून मान वर केली. "कोनता डोह, आबाजी?"

दुसरा म्हणाला, "सोनाजी कोन?"

देविदास मात्र माझ्याकडे पाहत होता. "बस, वासुदेव," तो म्हणाला. "खाले बस, पडशीन. अरे, सबन गावाले तवाच मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"पंप. माह्या बापानं घरी येऊनच सांगतलं, वासुदेवानं पंप धुतला म्हने. बेडूक मेले म्हन्ल्यावर कोनाले समजत नाही? पन इंजन तं साऱ्याइलेच लावाचे होते. तुह्या बापानं इचारलं, तू हाव म्हटलं, काम झालं गावाचं."

"आणि मामा?"

"तो एकटा होता ना," देविदास म्हणाला. त्याने तिथल्या एका पोराला चहा आणायला पिटाळलं आणि मला विचारलं, साखरेचा चालतो ना. मला मधुमेह आहे, डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. मी चालतो म्हणालो. त्या पारावर एकाच दिवसात दोनदा खरं बोलणं मला झेपलं नसतं.